हिमयुग बघायला बोरीला

आमच्या नातेवाइकांत मावशीचं नाव 'दगडवाली'. छत्तीस वर्षं तिनं पुण्यात बसून हिमयुगाचा अभ्यास केला. हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "पुण्यात कुठला आलाय बर्फ?" आणि तिचं उत्तरही ठरलेलं, "नव्हताच. तीच तर गंमत."

ती गंमत काय हे मी चाळिशी ओलांडेपर्यंत कधी विचारलंच नाही. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेलं की पलंगाखाली मातीच्या कापडी पिशव्या असायच्या. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी. गाव, नदी, तारीख, खोली शाईनं लिहिलेली आणि शेवटचा 'वय' हा रकाना पेन्सिलीनं. माझी आई दर दिवाळीला विचारायची, "ही माती टाकून देऊ का गं?"

गेल्या वर्षी मावशीचा एक गुडघा बदलला. दुसऱ्याची तारीख फेब्रुवारीतली. त्याआधी एकदा नदीकाठचे माझे मातीचे थर बघून येते म्हणाली. तिला एकटीला सोडणार कोण? मी रजा टाकली आणि गाडी काढली.

पहिला दिवस, ३ जानेवारी : पुणे

सहाला निघायचं ठरलं होतं. नऊ वाजता मावशी अजून गूळपोळ्या डब्यात भरत होती. म्हणाली, "पंचाहत्तर हजार वर्षं थांबलेत ते थर, अजून तीन तासांनी काही बिघडत नाही."

पहिला मुक्काम पुण्यातच होता, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. आधी नारायण पेठेत, तिच्या माहेरच्या वाड्याच्या जागी. वाडा कधीच गेला, तिथं आता पाच मजली सोसायटी आहे. मावशीनं पार्किंगमध्ये उभं राहून हात डोक्याच्या वर नेला आणि म्हणाली, "पाणी इथपर्यंत." १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. सगळ्यांनी तो फावड्यानं ओढला, हिनं मात्र कोपऱ्यातल्या फडताळात साचलेला गाळ सुरीनं उभा कापून बघितला. खाली भरड वाळू, वर बारीक रेती, सगळ्यात वर पिठासारखी चिकट माती. पाण्याचा जोर होता तेव्हा जड माल पडला, पाणी शांत झालं तसा हलका. "माझा पहिला सेक्शन," म्हणाली. थरांच्या उभ्या छेदाला ते लोक सेक्शन म्हणतात. आजीनं त्यासाठी तिला एक धपाटाही दिला होता म्हणे.

तिथून शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या सिग्नलला अडकलो. या इमारतीला सिमला ऑफिस का म्हणतात ते पुण्यात निम्म्या लोकांना माहीत नसतं. हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ साली इथं आलं, ते नाव चिकटलं. पण मावशीला सांगायचं होतं ते या खात्याच्या पहिल्या प्रमुखाबद्दल, हेन्री ब्लॅनफर्डबद्दल. हा माणूस मूळचा भूशास्त्रज्ञ. १८५६ साली ओडिशात तालचीरच्या कोळसाखाणींच्या भागात तो आणि त्याचा भाऊ विल्यम हिंडत होते. तिथं बारीक मातीत रुतलेले भलेमोठे धोंडे पाहून त्यांनी सांगितलं की हे काम वाहत्या पाण्याचं नाही, बर्फाचं आहे. उन्हात भाजून निघणाऱ्या मुलखात बर्फ! ते खरं निघालं. फार जुनं हिमयुग ते, डायनोसॉरच्याही आधीचं. पुढं हाच ब्लॅनफर्ड हवामानाकडे वळला आणि १८८४ साली त्यानं मांडलं की हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा रोडावतो.

"कळलं?" मावशी म्हणाली. "बर्फ तिकडं, दुष्काळ इकडं. माझी सगळी नोकरी या एका वाक्यात बसते."

सिग्नल सुटला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते, त्यामुळे कळलं की नाही ते मी सांगितलं नाही.

येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या आवारात ती अर्धा तास नुसती झाडांखाली फिरली. १९३९ नंतर सांकलियांनी इथं पुरातत्त्व उभं केलं, आणि दगडी हत्यारं शोधायची तर ती ज्या थरात सापडतात तो थरही वाचता आला पाहिजे, हा धडाही इथलाच. शरद राजगुरूंनी आपल्या मुळा-मुठेच्या काठांवरच प्रबंध लिहिला. मावशी तेव्हाच्या राजगुरूंबद्दल बोलताना अजूनही 'सर' म्हणते आणि आवाज थोडा खाली आणते. ती १९७६ साली कामाला लागली, चाळण्या धुणं आणि वाळूचे कण मोजणं या हुद्द्यावर.

संध्याकाळी नारायणगावला पोचलो. वाटेत चाकणला दीड तास ट्रॅफिक. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांना माहीत आहे.

दुसरा दिवस, ४ जानेवारी : बोरी

सकाळी टपरीवर चहा घेताना हात गारठले होते. नारायणगावचा गारठा ओला असतो, कालव्यांमुळे. मावशीनं शाल ओढून घेतली आणि विचारलं, "आज पृथ्वी सूर्यापासून लांब आहे की जवळ?"

मी म्हटलं लांब. थंडी आहे म्हणजे लांबच.

"जवळ. या दोन-तीन दिवसांत वर्षातली सगळ्यात जवळ असते. जुलैपेक्षा पन्नास लाख किलोमीटर जवळ."

टपरीवाल्याचा मुलगा ऐकत होता. तो म्हणाला, "मग आजी, थंडी का?" मावशीला एवढंच हवं होतं. तिनं ग्लासाखालची बशी सूर्य केली आणि मुलाच्या खिशातला भोवरा मागून घेतला. (जानेवारीत पोरांच्या खिशात भोवरा असतो हे तिला बरोबर ठाऊक.) भोवरा फिरता फिरता डुलतो, त्याचं टोक गोल हिंडतं. पृथ्वीचा आसही असाच डुलतो. त्यामुळे जवळ असण्याचा महिना सरकत सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो, साधारण तेवीस हजार वर्षांत एक फेरी. थंडी पडते ती आपली बाजू सूर्यापासून दूर कललेली असते म्हणून. पण सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी आपली बाजू सूर्याकडं कललेली आणि पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ, हे दोन्ही उन्हाळ्यातच जुळून आलं होतं. जमीन सडकून तापली, समुद्रावरचं वारं जोरात ओढलं गेलं, आणि पाऊस असा पडला की नद्यांची पात्रं बदलली.

हा हिशेब मांडला मिलुटिन मिलँकोविच नावाच्या सर्बियन माणसानं. आधी तो काँक्रीटची बांधकामं करणारा इंजिनियर होता. हातानं आकडेमोड करत त्यानं कक्षा, कल आणि डोलणं यांच्या चक्रांवरून हिमयुगांचं वेळापत्रक काढलं. फारसं कुणी मानलं नाही. १९५८ साली तो गेला, आणि १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळातल्या गाळात तीच चक्रं दाखवली. "मी कामाला लागले त्याच वर्षी," मावशी म्हणाली. "पगार महिन्याला काही शे रुपये, आणि विषय लाखो वर्षांचा."

टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. भोवरा परत दिला.

आळेफाट्याहून बोरी बुद्रुक जवळ आहे. रस्ता उसातून आणि कांद्यातून जातो. एका शेतकऱ्यानं गाडी थांबवली. "मॅडम, नदीला चाललाय का? उसाच्या कडंनं जाऊ नका. बिबट्या हाय. मोठ्यानं बोलत जा." मग त्याला मावशी दिसली. "अहो, तुम्ही राखवाल्या बाई का? आमचा बाप सांगायचा, पुण्याची लोकं येऊन नदीची माती पिशवीत भरून न्यायची." तो स्वतःच पुढं झाला, हातात काठी, आणि मोठ्यानं आपल्या टोमॅटोच्या भावाचं रडगाणं गात आम्हाला कुकडीच्या काठावर घेऊन गेला. बिबट्याच काय, त्या आवाजाला कुणीच जवळ आलं नसतं.

काठ बघून मावशी गप्प झाली. तिच्या आठवणीतली उघडी दरड आता बाभळीनं आणि घाणेरीनं भरली होती. एका बाजूला कुणीतरी जेसीबीनं काठ ओढून रान सपाट केलं होतं. वरून पाणी सोडलेलं, पात्र अर्धं भरलेलं. ती चार पावलं इकडं, चार तिकडं करत राहिली. मला वाटलं आता परत फिरायचं म्हणणार. तेवढ्यात तिनं काठीनं एका जागी माती खरवडली आणि म्हणाली, "ही बघ."

खालीवर तपकिरी माती, मध्ये पांढरट करडा पट्टा. कुठं बोटभर, कुठं हातभर. आजूबाजूच्या मातीशी त्याचा काही संबंध नाही हे माझ्यासारखीलाही दिसत होतं. मावशीनं सुरीच्या टोकावर थोडी पूड घेतली, माझ्या तळहातावर ठेवली. टाल्कम पावडरीसारखी हलकी, पण बोटांत चोळली की कचकच. मग गळ्यातलं भिंग काढून दिलं. उन्हाकडं पाठ कर म्हणाली.

भिंगाखाली ती पूड नव्हतीच. काच होती. पारदर्शक, वाकलेल्या, टोकदार चिपा. संक्रांतीला काकणं फुटल्यावर अंगणात पडतात ना तुकडे, तसे, पण पिठाएवढे बारीक. वाकलेले का, तर प्रत्येक तुकडा एका बुडबुड्याची भिंत आहे. वितळलेल्या खडकात वायूचे बुडबुडे झाले, ते स्फोटात फुटले, आणि त्यांची टरफलं उडाली. कुठून? सुमात्रातल्या टोबाहून. तिथं आज शंभर किलोमीटर लांबीचं तळं आहे, तो त्या ज्वालामुखीचा खड्डा. इथून ते अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर. राख आभाळातून आली, सगळीकडं पडली, पावसानं धुऊन नदीत आली आणि कुकडीच्या एका शांत वळणात साचली.

"आंध्रात ज्वालापुरमला हीच राख खणून भांड्यांच्या पावडरीत घालायचे," मावशी म्हणाली. शेतकरी म्हणाला, "आमच्यात कुणी सांगितलंच न्हाई, नाहीतर आम्ही पण विकली असती."

आता वयाची कथा. ही मावशीनं बाभळीच्या सावलीत, गूळपोळी खात सांगितली. ऐंशीच्या दशकात ही राख बोरीत ओळखली गेली तेव्हा पुण्याच्या लोकांत उत्सव होता, कारण त्याच परिसरात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या होत्या. राखेचं वय कळलं की हातकुऱ्हाडींचंही कळणार. १९८९ साली वय छापून आलं, सुमारे चौदा लाख वर्षं. म्हणजे भारतातला माणूस एकदम म्हातारा. मग १९९५ साली दुसऱ्या मोजणीत आकडा पावणेसात लाखांच्या आसपास आला. त्याच सुमाराला इतर काही जणांनी राखेचं रसायन टोबाच्या शेवटच्या मोठ्या स्फोटाशी जुळवून सांगितलं की ही पंचाहत्तर हजार वर्षांचीच आहे.

एकाच पिशवीतल्या मातीला तीन वयं. भांडण कशाचं? खडकात पोटॅशियम असतं, त्याचा हळूहळू आर्गॉन वायू होतो. किती झाला यावरून वय काढतात. पण नदीनं राखेत सह्याद्रीच्या बसाल्टचा चुरा मिसळलेला, आणि तो साडेसहा कोटी वर्षांचा. चिमूटभर म्हातारा चुरा गेला तरी मोजणीत राखेचं वय फुगतं. शेवटी २०१४ साली काचेचा एकेक कण वेगळा घेऊन त्यातली सूक्ष्म मूलद्रव्यं मोजली. एकेक कण! आणि निष्कर्ष आला की भारतात सापडलेली सगळी टोबा राख त्या पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचीच आहे.

"तू कुठल्या बाजूची होतीस?" मी विचारलं.

"चौदा लाखांच्या," ती म्हणाली. "अगदी टेबलावर हात आपटून." आणि हसली. "सहा वर्षं भाषणं दिली मी त्यावर. एका परिषदेत एका परदेशी माणसाला म्हणाले होते की तुम्हाला आमच्या नद्या कळत नाहीत. नदीच तर कळली नव्हती, मला."

हे ती सहज म्हणाली, पण नंतर बराच वेळ पाण्याकडं बघत बसली. शेतकऱ्यानं दोन किलो टोमॅटो दिले.

तिसरा दिवस, ५ जानेवारी : निघोज, इनामगाव

टाकळी हाजीच्या बाजूनं कुकडीच्या रांजणखळग्यांवर गेलो. तिथं पर्यटक असतात, सेल्फी असतात, मळगंगेचं देऊळ आहे, त्यामुळे वर्णन करत नाही. गोटे भोवऱ्यात गरगरून कातळात रांजण कोरतात, एवढं फलकावरही लिहिलेलं असतं.

मावशीला मात्र खळगे नकोच होते. ती मला काठाकडं बघायला लावत होती. "खाली नदी कातळ कापतेय. आणि वर बघ, काठावर वाळू-गोट्यांचे उंच थर. तीच नदी. मग ती एकदा भरत गेली आणि एकदा कापत गेली, असं का?"

इथं सिमला ऑफिसचं वाक्य परत आलं. गेल्या हिमयुगाचा कडाका सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी होता. उत्तरेकडं बर्फाचे डोंगर, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली, हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत जेमतेम एकशे ऐंशी-नव्वद भाग. आणि आपल्याकडं? पाऊस रोडावलेला. नदीत जोर नाही, डोंगरावरून येणारा माल पुढं नेता येत नाही, म्हणून ती आहे तिथंच टाकते. पात्र भरत जातं. मग अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी पाऊस परतला, नदी माजली आणि आपलेच थर कापत खाली गेली. विश्वास काळे आणि राजगुरू यांनी १९८७ साली 'नेचर'मध्ये हेच आपल्या नद्यांबद्दल मांडलं. काठांवरच्या थरांत पांढरे चुनखडीचे खडे असतात, आपण ते शेतातून वेचून बांधावर टाकतो. पाऊस कमी असला, वाफ जास्त असली की असे खडे मातीत धरतात. मावशीनं पिशवीतून बाटली काढून एकावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले. फस्सकन फेस आला.

"तुला बहात्तरचा दुष्काळ आईनं सांगितला असेल," ती म्हणाली. "मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं. मी वीस वर्षांची होते. तो दुष्काळ मनात धर, आणि तो एकदा लागून हजारो वर्षं रेंगाळला असं समज. पुण्यातलं हिमयुग ते."

चाळीस वर्षांनी मला गंमत कळली, आणि ती फारशी गमतीची नव्हती.

शिरूरला जेवलो. रस्त्याकडंच्या रानात हुरडा भाजत होते, तो घेतला, त्यात अर्धा तास गेला आणि चांगला गेला. मग आग्नेयेला इनामगाव. घोडच्या काठी. इथं १९६८ साली उत्खनन सुरू झालं आणि कितीतरी हंगाम चाललं. ताम्रपाषाण काळातलं गाव, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेलं. आता बघायला काही नाही. शेतं, बांध, मेंढ्या. गावातला एकजण म्हणाला, "ती काय पांढरी." जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात, आणि पिकाच्या जमिनीला काळी. कुठलंही शास्त्र शिकण्याआधी आपल्या लोकांनी मातीचे हे दोन भाग केलेत.

इथल्या लोकांनी पाणी आणायला चर खणला होता, जव पिकवलं होतं. एका प्रौढ पुरुषाला चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलं होतं. आधी चौकोनी, ऐसपैस घरं. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या पुढच्या थरांत गोल झोपड्या, आणि शेतीपेक्षा मेंढरं-शिकारीवर भर. मधुकर ढवळीकरांनी त्याचं कारण कोरडं पडत गेलेलं हवामान असं मांडलं. मावशी हे सांगताना हात राखून बोलत होती. "हवामानानं गाव उठलं, हे म्हणायला सोपं. पण माणसं पाऊस गेला म्हणूनच जातात असं नाही. कर्ज असतं, भाऊबंदकी असते, साथ असते. ते थरात दिसत नाही."

बोरीचे फटके बसल्यावरची ही सावधगिरी असावी. मी तसं म्हटलं नाही.

एक मेंढपाळ काठीवर रेलून आमचं ऐकत होता. म्हणाला, "आमीबी पाऊस गेला की कोकणाकडं सरकतो. परत येतो की." मावशीनं ते वहीत लिहून घेतलं. त्याचं गाव विचारलं, मेंढरं किती तेही विचारलं.

चौथा दिवस, ६ जानेवारी : परत

वाघोलीपासून पुण्यापर्यंत गाडी रांगत होती, मावशी झोपली होती. घरी पोचल्यावर तिनं आधी टोमॅटो धुतले, मग बोरीची पूड एका कापडी पिशवीत भरली. घरात पिशवी उरली नव्हती म्हणून आईच्या जुन्या साडीच्या फॉलचा तुकडा शिवून घेतला. चिठ्ठी केली. बोरी बुद्रुक, कुकडी, ४ जानेवारी. शाईनं.

मग टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली.

"अजून पेन्सिलच?" मी म्हटलं. "२०१४ सालीच मिटलं ना सगळं?"

तिनं ७५,००० लिहायला घेतलं. दुसऱ्या शून्यावर शिसं मोडलं. पेन्सिल माझ्याकडं सरकवत म्हणाली, "जरा टोक करून दे."